एकतीस शिंपल्यांची पावती

मंगळवार, २६ ऑगस्ट. शिंपल्या एकतीस, गोठलेल्या, एका प्लास्टिकच्या पिशवीत. हजर: एलिसापी, त्यांचे पती पीटा, मुलगी लिआ आणि मी.

ही पावती मी माझ्या हातानं, निळ्या पेनानं लिहिली. एक प्रत एलिसापींनी फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावली, दुसरी माझ्या वहीत आहे. कॅनडाच्या उत्तरेकडच्या त्या गावात मी आठ दिवस होतो. परत आल्यावर बरेच जण विचारतात, अस्वलं पाहिलीस का, हिमनग पाहिलेस का. हिमनग एक पाहिला, लांबून. अस्वल नाही. मी काय केलं ते या पावतीत आहे, आणि ते नीट सांगायचं तर थोडं मागून सांगावं लागेल.

मी मूळचा वसईचा, आता हॅलिफॅक्सचा. तिथल्या एका विद्यापीठात मी ऊतकांचे काप करतो. म्हणजे प्राण्याच्या शरीराचा लहानसा तुकडा औषधात मुरवायचा, मेणात बसवायचा, त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, ते काचपट्टीवर चिकटवून गुलाबी आणि जांभळ्या रंगात रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं की पेशी ठीक आहेत की नाहीत. एकोणीस वर्षं हेच काम आहे. गणपतीला इथली मराठी मंडळी जमतात तेव्हा आम्हीही जातो. तिथे कोणीतरी दरवर्षी विचारतं, "म्हणजे पॅथॉलॉजी का?" मी म्हणतो, "हो, पण पेशंट शिंपल्या आहेत." लोक हसतात आणि दुसरीकडे वळतात.

त्या गावाला रस्ता नाही. उन्हाळ्यात तेलाचं जहाज येतं, खोल पाण्यात उभं राहतं आणि तरंगत्या लांब नळीतून किनाऱ्यावरच्या टाक्या भरतं. त्या तेलावर वर्षभराची वीज आणि घरांची ऊब चालते. दोन उन्हाळ्यांपूर्वी ती नळी सांध्यात सुटली आणि डिझेल ओहोटीच्या वेळी थेट शिंपल्यांच्या वाळूवर पसरलं. वरवरची सफाई झाली. मग दवाखान्यात, दुकानात आणि चर्चच्या दारावर एक कागद लागला: या किनाऱ्यावरच्या शिंपल्या पुढील सूचना मिळेपर्यंत खाऊ नयेत. ती पुढील सूचना अजून यायची होती.

आमच्या प्रोफेसर बाईंकडे शिंपल्यांच्या ऊतकांवर तेलाचा काय परिणाम होतो हे तपासायचं काम आलं. नमुने आणायला जाणाऱ्या विद्यार्थ्यानं ऐनवेळी दुसरीकडे नोकरी धरली. बाई म्हणाल्या, "आंतोन, तू जा. ताज्या शिंपल्या चिरून औषधात टाकणं तुझ्याएवढं कोणाला जमत नाही." एकोणीस वर्षं ज्यांचे काप केले ते प्राणी राहतात कुठे हे मी कधी पाहिलं नव्हतं. मी हो म्हटलं.

माझी बायको ग्रेसी बॅग भरताना म्हणाली, "थर्मल दोन जोड पॅक केलेत. बाटली मसाला झिपलॉकमध्ये आहे, काचेची बाटली नेऊ नकोस, फुटेल."

"तिथे स्वयंपाक कोण करणार आहे?"

"तू नाही करणार, पण त्यांच्यासमोर ठेवशील तरी. कोणाच्या घरी रिकाम्या हातानं जातात का?"

१९ ऑगस्ट

हॅलिफॅक्सहून तीन विमानं बदलली, शेवटचं इतकं लहान की बसण्याआधी माझं वजन विचारलं. मी खरं सांगितलं, एक्क्याऐंशी किलो. पुढचा माणूस नक्की कमी सांगत होता.

खाली उतरल्यावर पहिली जाणवली ती झाडांची अनुपस्थिती. एकही झाड नाही. खडक, खडकावर लालसर शेवाळ, आणि खांबांवर उभी रंगीत लाकडी घरं. रस्त्यावर धूळ. ऑगस्टमध्ये नऊ अंश तापमान होतं आणि मुलं टी-शर्टवर फिरत होती. मी थर्मलवर जॅकेट घालून उभा होतो. मला न्यायला आलेली बाई मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "हिवाळ्यासाठी काही शिल्लक ठेवलंय का?"

ही लिआ. पंचेचाळिशीची, गावच्या शाळेत शिकवते, इंग्रजी आणि त्यांची इनुक्टिटुट दोन्ही सफाईनं बोलते. गावात एकच हॉटेल, ते बांधकामाच्या कामगारांनी भरलेलं, म्हणून माझी सोय तिच्या आईवडिलांच्या घरी केली होती. माझी दुभाषीही तीच.

घरात शिरताना आधी एक बंदिस्त पडवी लागते. तिथे बूट काढायचे. मला सवय आहे, नव्या जागी गेलो की काय कुठे आहे ते टिपून ठेवतो. त्या दिवशी वहीत लिहिलं: पडवी, अंदाजे सहा बाय आठ फूट. उभा फ्रीझर एक. पेट्रोलचे कॅन दोन, बोटीच्या इंजिनासाठी. जाळं. बुटांचे सात जोड. हे लिहिलं तेव्हा त्याचा काही उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. पुढे झाला, पण उशिरा.

आत एलिसापी उभ्या होत्या. एकाहत्तर वर्षांच्या, बुटक्या, केस घट्ट मागे बांधलेले. मी म्हटलं की माझ्या आत्याचं नाव इझाबेल, म्हणजे मुळात तुमचंच नाव, नुसता उच्चार वेगळा. लिआनं सांगितल्यावर त्यांनी भुवया वर केल्या. मी उत्तराची वाट बघत राहिलो. लिआ म्हणाली, "हे 'हो' झालं. भुवया वर म्हणजे हो. नाक आक्रसलं म्हणजे नाही. आमच्याकडे तोंड कमी वापरतात."

"तिच्या आईला सोडून," खिडकीजवळच्या खुर्चीतून आवाज आला. हे पीटा. त्यांना थोडं इंग्रजी येत होतं आणि ते सगळं चेष्टेसाठी वापरत. अंगावर ब्लँकेट, हातांची नुसती हाडं. फुफ्फुसाचा कॅन्सर होता. दक्षिणेच्या हॉस्पिटलात चार महिने काढून, पुढचे उपचार नको म्हणून घरी आले होते. हे लिआनं मला विमानतळावरून येतानाच सांगितलं होतं, जसं आपण सांगतो की घरात कुत्रा आहे, घाबरू नका.

"तू शिंपल्यांचा डॉक्टर?" पीटांनी विचारलं.

"डॉक्टर नाही. मी काप करतो."

"एका शिंपलीचे किती?"

"दोनशेसुद्धा निघतात."

ते बायकोकडे वळून काहीतरी बोलले, मग मला म्हणाले, "आमचा एकच घास होतो."

२२ ते २४ ऑगस्ट

अमावस्येच्या आसपास ओहोटी सगळ्यात लांब जाते, म्हणून हेच तीन दिवस धरले होते. पाणी इतकं मागे हटतं की किनाऱ्यावरून बघितलं तर समुद्र संपल्यासारखा वाटतो. गावातल्या शिकाऱ्यांच्या समितीनं मला एकशेवीस शिंपल्या काढायची परवानगी दिली होती. रोज चाळीस.

वसईच्या खाडीत तिसऱ्या, म्हणजे तिथल्या लहान शिंपल्या, काढणाऱ्या बायका लहानपणापासून पाहिल्या आहेत. गुडघाभर चिखलात वाकून, पायाच्या बोटांनी चाचपून काढतात. इथे वाळू आणि दगड. वाळूत बोटाएवढं भोक दिसतं, जवळ पाऊल टाकलं की त्यातून पाण्याची चिळकांडी उडते, की लगेच शेजारी फावडं घालायचं. ही शिंपली खोल जाते. तिला हत्तीच्या सोंडेसारखी जाड नळी असते, ती शिंपल्याच्या आत पूर्ण मावत नाही. हे लोक मुख्यतः ती नळीच खातात. बऱ्याचदा कच्ची, तिथेच, समुद्राच्या पाण्यात खळबळून.

एलिसापी माझ्याबरोबर खणायला आल्या. त्यांच्या हातात स्वयंपाकघरातला मोठा चमचा होता. माझ्या फावड्याला एक शिंपली मिळायची तोवर त्यांच्या चमच्याला तीन. पहिल्याच दिवशी माझा डावा बूट ओल्या वाळूत रुतून राहिला आणि पाय वर आला. मोज्यावर उभा राहून मी बूट ओढत होतो, तर मागून पीटांचं हसणं ऐकू आलं. लिआनं त्यांना चारचाकी मोटारसायकलवर बसवून किनाऱ्यावर आणलं होतं. दोन ब्लँकेटं, डोक्यावर कानटोपी.

खड्डा खणला की त्यात पाणी भरतं. वीतभर खोल गेल्यावर त्या पाण्यावर पातळ रंगीत तवंग येत होता. गॅरेजसमोर पाऊस पडून गेल्यावर डबक्यावर दिसतो तसा. मी प्रत्येक खड्ड्याची नोंद केली: तवंग आहे, नाही, थोडा. दोन वर्षं झाली होती. वर वाळू स्वच्छ होती, एका दगडालाही डाग नव्हता.

दुसऱ्या दिवशी माझं फावडं एका शिंपलीवर बसलं आणि ती फुटली. मी ती बाजूला ठेवून पुढे मोजायला लागलो, तर एलिसापींनी नाक आक्रसलं. लिआ म्हणाली, "आई म्हणते, फुटलेलीही मोजा. तुम्हाला एकशेवीस जीव दिलेत, एकशेवीस चांगले जीव नाही."

मला ते पटलं. मी तिला क्रमांक दिला, सत्तावन्न.

तेव्हा पीटांनी मोटारसायकलवरून हाक मारली. "ए कापकरी! ती फुटलेली तुझ्या कामाची आहे का?"

"नाही. चेंदामेंदा झालाय."

"मग मला दे."

मी हसलो. मग पाहिलं की ते हसत नव्हते. त्यांनी हात पुढे केला होता, ब्लँकेटमधून बाहेर.

मी सांगितलं की सूचना लागलेली आहे, मी तपासायला आलो आहे, आणि तपासणीआधी मीच ती खायला दिली तर ते योग्य होणार नाही. लिआनं हे सगळं वडिलांना दोन शब्दांत सांगितलं. मी विचारलं, काय सांगितलंस. ती म्हणाली, "नाही म्हणतोय."

सत्तावन्न नंबर मी औषधाच्या बरणीत टाकला. तपासायला उपयोग नव्हता. कोणी खाऊ नये म्हणून टाकला.

त्याच दुपारी परत येताना मी लिआला विचारलं, दुसऱ्या गावाहून यांच्यासाठी शिंपल्या मागवता येत नाहीत का? ती म्हणाली, "मावसभावानं पाठवल्या होत्या, विमानानं. बाबांनी एक तोंडात घातली आणि म्हणाले, ही परक्या घरची आहे." या खाडीत बाकी सगळा सरळ कडा आहे, वाळू फक्त गावासमोर. ते सहा वर्षांचे असल्यापासून त्याच वाळूतल्या शिंपल्या खात आलेले. मला हे सांगायला लागत नव्हतं. वसई सोडून सत्तावीस वर्षं झाली तरी हॅलिफॅक्सच्या बाजारातल्या शिंपल्यांचं सुकं करतो तेव्हा घरी कोणीच म्हणत नाही की आज तिसऱ्या आहेत.

२४ तारखेला, शेवटच्या चाळीस शिंपल्या काढत असताना, तेलाचं जहाज आलं. तेच दरवर्षीचं, त्याच जागी उभं राहिलं. मुलं किनाऱ्यावर धावत आली. छोट्या बोटीनं नळीचं टोक आणलं आणि आम्ही खणत होतो तिथून शंभरेक पावलांवर ती टाकीकडे गेली. मी एलिसापींकडे पाहिलं. त्या चमच्यानं खणत राहिल्या. "जहाज आलं नाही तर जानेवारीत आम्ही मरू," लिआ म्हणाली, "आणि येतं तेव्हा हे असं."

त्या संध्याकाळी मी घरातल्या हीटरला पाठ लावून बरण्यांवर क्रमांक लिहीत बसलो होतो. हीटर चालतो कशावर हे ठाऊक होतं, तरी पाठ काढून घेतली नाही. गारठलो होतो.

२५ ऑगस्ट

या दिवशी काम संपलं. एकशेएकोणीस शिंपल्या चिरून, कल्ले, पाचक ग्रंथी आणि अंडाशय वेगळे काढून औषधात घातले होते. एलिसापींनी जमिनीवर पुठ्ठा पसरला आणि त्यावर सीलचं मांस ठेवलं. सगळे पुठ्ठ्याभोवती मांडी घालून. मांस कापायला उलू, म्हणजे अर्ध्या चंद्राच्या आकाराचं पातं आणि वर मूठ. मी सांगितलं की आमच्याकडे विळी असते, ती जमिनीवर ठेवून पायाखाली दाबतात आणि वस्तू पात्याकडे नेतात. एलिसापींना हे इतकं उलटं वाटलं की त्यांनी दोनदा करून दाखवायला लावलं. जेवणाआधी त्यांनी प्रार्थना म्हटली. शेवटचा आमेन सोडून मला एक शब्द कळला नाही, पण आमेन सगळे एकदम म्हणालो.

बाटली मसाला, आमच्या वसईच्या ख्रिस्ती घरांतला तिखट मसाला, मी मध्ये ठेवला. लिआनं चिमूटभर घेतला आणि पाणी प्याली. पीटांनी बोट बुडवून चाटलं, परत बुडवून चाटलं आणि म्हणाले, "हॉस्पिटलातून आल्यापासून पहिल्यांदा काहीतरी कळलं जिभेला."

मग त्यांनी विचारलं. इंग्रजीत नाही, त्यांच्या भाषेत, लिआमार्फत. "तू आतून बघितल्यास. खाता येतील का?"

मी उत्तर दिलं, आणि ते मला शब्दशः आठवतं, कारण मी ते जपून दिलं. की आम्ही शिंपलीची स्वतःची तब्येत तपासतो, माणसानं खावी की नाही हा वेगळा प्रश्न आहे. की काचपट्ट्या तयार व्हायला तीन महिने, वाचायला दोन, आणि अहवाल वसंतात. की तेल पडण्याआधीच्या शिंपल्यांचे काप आमच्याकडे नाहीत, त्यामुळे आत्ताचं बिघडलेलं दिसलं तरी आधी कसं होतं ते सांगता येणार नाही. की मी माझं मत देणं बरोबर होणार नाही.

लिआ वडिलांना म्हणाली, "त्याला माहीत नाही."

वसईच्या खाडीत कारखान्यांचं पाणी येतं हे सगळ्या गावाला माहीत होतं. तिसऱ्यांना कधी कधी रॉकेलसारखा वास यायचा, आणि आई म्हणायची जास्त चिंच घाला. कोणी सूचना लावली नाही, कोणी तपासायला आलं नाही, आम्ही खात गेलो. इथे सूचना लागली, माणूस तपासायला आला, आणि तोही काही सांगत नव्हता. यातलं कोणतं वाईट हे मला त्या पुठ्ठ्यावर बसून ठरवता आलं नाही, अजूनही येत नाही.

मी बोललो ते एलिसापी ऐकत होत्या. त्यांनी लिआला काहीतरी परत विचारलं. तेल पडण्याआधीच्या शिंपल्या नाहीत म्हणतो का हा?

२६ ऑगस्ट

विमान दुपारचं होतं. सकाळी एलिसापींनी मला आणि लिआला पडवीत बोलावलं. फ्रीझर उघडला, सगळ्यात खालच्या कप्प्यातून मांसाची पुडकी बाजूला केली आणि तळाशी ठेवलेली पिशवी काढली. शिंपल्या. बर्फाचा थर आलेला.

तेल पडलं त्याच्या आदल्या उन्हाळ्यातल्या. अपघातानंतर गावात सभा झाली होती, आणि बाहेरून आलेल्या कोणी तरी साहेबानं सांगितलं होतं की आधीच्या शिंपल्या कोणाकडे असतील तर जपून ठेवा, त्यांची किंमत फार आहे. बाकीच्यांनी तोवर खाऊन टाकल्या होत्या. एलिसापींकडे ही एक पिशवी उरली होती. त्यांनी ती दोन वर्षं ठेवली. कोणी न्यायला आलं नाही. नवरा आजारी पडला, हॉस्पिटलातून परत आला, शिंपल्या मागू लागला, तरी त्यांनी ती काढली नाही. त्याला सांगितलं की या खायच्या नाहीत, या साक्षीला ठेवल्या आहेत.

मी हे ऐकत असताना मनात एकच गोष्ट चालू होती. गोठवलेल्या ऊतकाचे माझ्या पद्धतीनं चांगले काप होत नाहीत. गोठताना पेशीतल्या पाण्याचा बर्फ होतो, तो फुगतो आणि पेशी फाटते. फ्रीझरमधले मटार वितळले की लिबलिबीत होतात, तसं. काचपट्टीवर सगळं फाटलेलंच दिसतं, आजारी कोणती आणि निरोगी कोणती हे कळत नाही.

मी हे सांगितलं. माझ्या वहीत आहे की सांगितलं. पुढे असंही सांगितलं की आमच्या इमारतीत रसायनं तपासणारे एक जण आहेत, त्यांना कदाचित यातून तेलाचं आधीचं प्रमाण काढता येईल. कदाचित. मी तो शब्द दोनदा म्हटला.

एलिसापींनी पिशवी माझ्या हातात दिली.

आम्ही आत आलो. मी टेबलावर बसून मोजल्या आणि पावती लिहिली. कोणाकडून कोणाला, किती, कोणत्या अवस्थेत, कोण हजर. एलिसापींना विचारलं, तुमची संमती आहे ना? भुवया वर. लिआला विचारलं. भुवया वर. मग मी पीटांकडे पाहिलं.

त्यांनी नाक आक्रसलं.

आठ दिवसांत ती खूण मला चांगली पाठ झाली होती. लिआ त्या वेळी बूट घालत होती, तिनं पाहिलं नाही. एलिसापी पिशवीभोवती वर्तमानपत्र गुंडाळत होत्या. मी एकट्यानं पाहिलं. पावतीत हजर असलेल्यांची नावं लिहायला जागा होती, कोण काय म्हणालं याला जागा नव्हती. मी मनाशी म्हटलं, पिशवी एलिसापींची आहे, देणाऱ्याची संमती पुरे. हेही म्हटलं की आजारी माणूस आहे, दुखत असेल.

गावात बिनधोक खाता येतील अशा त्या घरच्या वाळूतल्या एकतीसच शिंपल्या होत्या आणि त्या माझ्या थंड पेटीत होत्या. हे मला तेव्हा कळलं नाही असं मी लिहिणार नाही. कळलं होतं. पण 'आधीचे नमुने' हे दोन शब्द एकोणीस वर्षांत मला कधी मिळाले नव्हते.

निघताना पीटांनी हात हलवला. "कापकरी, पातळ काप," ते म्हणाले.

हॅलिफॅक्स

रसायनं तपासणाऱ्या गृहस्थांनी ऑक्टोबरमध्ये दोन शिंपल्या उघडल्या, आणि मला बोलावून विचारलं, "ही पिशवी कुठे ठेवलेली होती?"

"फ्रीझरमध्ये."

"फ्रीझर कुठे?"

मी वही उघडली. पडवी, सहा बाय आठ. उभा फ्रीझर एक. पेट्रोलचे कॅन दोन.

त्यांनी वही बंद करून माझ्या हातात दिली. साध्या प्लास्टिकमधून पेट्रोलची वाफ आत जाते. आता त्यात जे काही सापडेल ते समुद्रातलं की पडवीतलं हे कोणालाच सांगता येणार नव्हतं. त्यांनी उरलेल्या एकोणतीस परत गोठवल्या आणि पिशवीवर चिठ्ठी लावली: उपयोग नाही. प्रकल्प संपल्यावर भट्टीत.

म्हणजे हे मी २६ तारखेला त्या पडवीत उभा असताना सांगू शकलो असतो. कॅन माझ्या पायाशी होते. मी पेशींबद्दल बोलत होतो.

लिआचा ईमेल नोव्हेंबरात आला. चार ओळींचा. बाबा गेले. शेवटचा आठवडा काही खात नव्हते. तुमच्या मसाल्याची पिशवी उशाजवळ ठेवली होती, वास घ्यायचे. आई विचारते, शिंपल्यांचा काही उपयोग झाला का?

मी तो ग्रेसीला वाचून दाखवला. ती भांडी घासत होती, नळ बंद केला.

"तू त्यांना ती पिशवी ठेवून घ्या म्हणायचं होतंस."

"नमुना होता."

"पेपरवर काय होता ते नको सांगू. डॅडी गेले तेव्हा डायबेटिस होता, तरी तू स्वतः त्यांना वाटीभर खीर भरवलीस. डॉक्टरला विचारलंस का?"

"ते माझे डॅडी होते."

"हां," ती म्हणाली आणि नळ सोडला.

लिआला मी उत्तर लिहिलं. चार वेळा लिहिलं. शेवटी पाठवलं त्यात होतं की उपयोग झाला नाही, चूक माझी होती, आणि पडवीतल्या कॅनबद्दल सगळं. त्यात हेही लिहिलं की पीटांनी नाक आक्रसलं होतं आणि मी ते पाहिलं होतं.

अहवाल एप्रिलमध्ये झाला. एकशेएकोणीस शिंपल्यांच्या काचपट्ट्या मी एकेक पाहिल्या. निम्म्याहून जास्त शिंपल्यांच्या पाचक ग्रंथीतल्या नळ्यांच्या भिंती पातळ झालेल्या, अंडी अर्धवट विरघळलेली, कल्ल्यांत रक्तपेशी दाटलेल्या. गुलाबी रंगात जिथे जांभळे ठिपके तुरळक हवेत तिथे ते मुंग्यांसारखे. अहवालाच्या शेवटच्या परिच्छेदात लिहिलं गेलं की ऊतकांत बिघाड आढळतो. मात्र गळतीपूर्व नमुन्यांअभावी त्याचं कारण निश्चित करता येत नाही. आणि शिंपल्या माणसानं खाण्यास योग्य आहेत किंवा कसं हा या अभ्यासाचा विषय नाही. वाक्य प्रोफेसर बाईंचं, पण बरोबर आहे. मी त्यातला एक शब्द बदलू शकलो नसतो. चर्चच्या दारावरचा कागद तसाच आहे. जहाज या ऑगस्टमध्येही येईल.

भट्टीच्या यादीत ती पिशवी दिसली तेव्हा मी बाईंकडे गेलो आणि विचारलं, परत पाठवू का? त्या म्हणाल्या, "प्रकल्पात त्याला पैसे नाहीत, आंतोन." मी म्हटलं, पैसे नको आहेत, सही हवी आहे. त्यांनी सही केली.

कोरड्या बर्फात बांधून पाठवली. सोबत तशीच पावती केली, दोन प्रती, आणि विनंती केली की पोचल्यावर एक भरून पाठवा. लिआनं तिचा फोटो काढून पाठवला. तारीख तिच्या अक्षरात. शिंपल्या: एकोणतीस. हजर: एलिसापी, लिआ. त्याखाली एक ओळ. "आईनं मोजल्या. दोन कमी आहेत म्हणते. पिशवी होती त्याच कप्प्यात ठेवली आहे. कोणाला हात लावू देत नाही."

हिशेब असा. विमानाच्या मालभाड्याचे एकशेचौऱ्याऐंशी डॉलर विमान कंपनीला, माझ्या खिशातून. एकोणतीस शिंपल्या एलिसापींना. दोन शिंपल्या भट्टीला. पीटांना काही पोचलं नाही.